भोंगेवाले उपळेकर

आमच्या शेजारचे उपळेकर साहेब रोज सकाळी म्हशीसमोर भाषण करत.

थट्टा नाही करत. चाकणला एका अंगणात आम्ही भाडेकरू होतो, मी एका खोलीत आणि ते पलीकडच्या दोन खोल्यांत. समोर गोठा, गोठ्यात घरमालकांची म्हैस. मी दवाखान्यातली सरकारी नर्स. दिवसभर बायाबापड्यांची बाळंतपणं उरकून अंग आंबून गेलेलं असायचं, पहाटेचा कुठे डोळा लागावा, तर खिडकीबाहेर पत्र्याचा भोंगा सुरू, "मंडळी! ऐका! माळावरचा लांडगा तुमचा वैरी नाही!" मंडळी म्हणजे ती एकटी म्हैस.

एकदा मी तणतणत बाहेर आले. म्हटलं, "अहो साहेब, त्या मुक्या जिवाला काय कळतंय?"

"बाई, हिच्याइतका प्रामाणिक श्रोता तालुक्यात नाही," ते म्हणाले. "भाषण बरं असलं की बसून रवंथ करते. कंटाळली की उठते आणि पाठ फिरवते. माणसं भिडेपोटी बसून राहतात हो. त्यांच्यावरून काही समजत नाही."

म्हैस उठली की ते भोंगा खाली ठेवून विचार करत, एखादं वाक्य गाळत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. भाषण संपलं की माझ्या खिडकीकडे तोंड करून ठरलेला प्रश्न यायचा, "बाई, मुद्दा पोचला का?"

"कानाचे पडदे फाटले," मी म्हणायची. ते त्यांना कौतुक वाटायचं.

स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं होती ती. तिकडे पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, खेड-चाकणकडची पोरं तिथे कामाला लागत होती आणि जो तो कारखान्याच्या गप्पा मारत होता. अशा दिवसांत वनखात्यानं उपळेकरांना गावोगाव पाठवलं होतं, लोकांना सांगायला की बाबांनो, रानातली जनावरं मारू नका. लोक विचारत, "मारू नको तर काय करू? ओवाळू?" खात्यानं त्यांना एक सायकल, एक भोंगा आणि छापील कागदांचा गठ्ठा दिला होता. कागदावर लिहिलं होतं, 'वन्य पशूंचे संरक्षण हे प्रत्येक नागरिकाचे आद्य कर्तव्य होय.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कागद घडी करून जपून ठेवले, आणि ज्यांना येत होतं त्यांनी त्यात भजी बांधून घेतली.

माणूस किडकिडीत, खाकी कोट घोट्यापर्यंत यायचाच काय तो बाकी, डोक्यावर पांढरी टोपी. बायको मुलगी लहान असतानाच गेली. ती मुलगी सुमती, तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, वेण्यासुद्धा स्वतः घातल्या म्हणे, आणि आता ती लग्न होऊन जुन्नरला सासरी होती. तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. भाजी घेताना मात्र हटकून म्हणत, "सुमतीला दुधी आवडतो." आणि दुधी आवडत नसताना स्वतःसाठी दुधी घेत.

या माणसाला सगळ्या जनावरांबद्दल सारखाच उमाळा. एका गावात त्यांनी घोरपडीवर भाषण केलं. घोरपड उंदीर खाते, किडेमुंग्या खाते, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, घोरपड म्हणजे किती गुणाची, असं इतकं रंगून सांगितलं की सांगून सोय नाही. गाव माना डोलवत होतं. साहेब खुशीत परतले. दुसऱ्या दिवशी त्याच गावचे दोन बाप्ये पोतं घेऊन दारात हजर. पोत्यात काहीतरी वळवळतंय.

"साहेबास्नी लई आवडती म्हणून आणली," एकजण म्हणाला. "कालवण झ्याक हुतं. मसाला जरा चढा टाका."

उपळेकर मटकन पायरीवर बसले. मग उठले, पोतं सायकलच्या मागे बांधलं आणि भर उन्हात घोरपड जिथली तिथे सोडायला गेले. तिनं सुटता सुटता त्यांच्या हाताला बोचकारलं. मी टिंक्चर लावत होते आणि हसू काही आवरत नव्हतं.

"हसा," ते म्हणाले. "मुद्दा पोचला होता बाई. पण स्वयंपाकघरात पोचला."

त्यानंतर तितरांवर भाषण झालं तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं, की कुणी काही आणलं तर निदान मला न विचारता परत करू नका.

तर अशातच तरसाचं प्रकरण उपटलं.

चाकणपासून सायकलच्या टप्प्यावर पठारवाडी नावाची वस्ती होती. तिथल्या माळावर दगडाची जुनी, बंद पडलेली खाण होती आणि त्या खाणीच्या कपारीत एक तरस आलं होतं. धनगरांनी पाहिलं, मादी आहे आणि पोटुशी आहे. उपळेकरांना कळलं मात्र, त्यांची पावलं जमिनीला लागेनात. रोज माळावर जाऊन लांबून बघून यायचे आणि आल्यावर मला बातमी, "तरसबाई आज उन्हाला बसल्या होत्या." "तरसबाईंचं पोट खाली आलंय."

आणि मग प्रश्न सुरू झाले. "बाई, पहिलटकरणीला कळा किती वेळ येतात?" "बाई, बाळंतिणीची खोली पूर्वेला बरी की दक्षिणेला?" "बाई, शेक द्यायला गोवऱ्या बऱ्या का कोळसा?"

मी दिवसभराची दमलेली. म्हटलं, "साहेब, मी माणसांची नर्स आहे. तुमची तरसबाई स्वतःचं स्वतः बघेल. कपारीत जाऊन शेक देणार आहात का?"

ते कसंनुसं हसले आणि निघून गेले. पण दोन दिवसांनी बघते तर आतल्या खोलीला स्वतःच्या हातानं चुना देताहेत. मग सुतळीची एक बाज आली. मला वाटलं, तरसाच्या नादानं या माणसाचं डोकं पुरतं फिरलं. उद्या तरस आणून बाजेवर निजवेल, काही नेम नाही.

तरस व्यायलं. दोन पिल्लं झाली. आणि त्याच आठवड्यात पठारवाडीत कुणाचं तरी करडू नाहीसं झालं.

झालं! तरसाबद्दल आमच्याकडे आधीच काय काय बोलतात. तरस माणसाला भुलवून मागं मागं नेतं, माणसासारखं हसतं, पुरलेलं उकरतं. पठारवाडीच्या पाटलांनी गाव जमवलं आणि ठरलं, पौर्णिमा झाली की हाका करायचा. ढोल, काठ्या, कुऱ्हाडी घेऊन सगळ्या बाजूंनी खाण घेरायची आणि तरस पिल्लांसकट संपवायचं.

उपळेकर भोंगा घेऊन धावले. पारावर उभं राहून त्यांनी कायदा सांगितला, दंड सांगितला. तरस मेलेली जनावरं खाऊन गावची घाण काढतं, रोगराई आवरतं, तेही सांगितलं. पाटील शांतपणे ऐकून म्हणाले, "कायदा पुण्याला ऱ्हाऊ द्या साहेब. करडू आमचं गेलंय."

लोक हसले आणि उठून गेले. त्या दिवशी परत आल्यावर त्यांनी तेच भाषण म्हशीला ऐकवलं. म्हैसही उठली. ते भोंगा मांडीवर घेऊन गोठ्याच्या कडेला बसून राहिले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला पोटात तुटलं, आणि तुटलं की मी रागावते, माझा स्वभावच तसा.

"अहो, तुम्ही चुकीच्या माणसांपुढे बोंबलताय!" मी म्हटलं. "देवीची टोचणी सुरू झाली तेव्हा मी काय पारावर भाषणं ठोकली? पारावर नुसते बाप्ये बसतात, त्यांनी हो म्हणून काय होतंय? मी विहिरीवर जायची. बायकांनी मनावर घेतलं की गाव हलतं. हाक्याच्या भाकरी कोण बडवणार आहे? बायकाच ना?"

त्यांनी भोंगा मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही याल बरोबर?"

"मी? तरसासाठी?"

"बाळंतपणातलं तुम्हाला कळतं," ते म्हणाले.

नाहीतरी पठारवाडीत टोचणीची फेरी करायचीच होती. गेले.

विहिरीवर बायकांची गर्दी होती. पाटलांची बायको सोनाबाई तिथलीच पुढारी, पदर खोचून, कमरेवर हात. साहेबांना बघून बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. उपळेकरांनी सवयीनं भोंगा उचलला. मी डोळे वटारले. त्यांनी तो सायकलीला अडकवून ठेवला आणि रिकाम्या हातानं पुढे आले. हातांचं काय करावं ते त्यांना समजेना.

"भगिनींनो," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "म्हंजे... बायांनो. एक पोर बाळंतपणाला आलीय तुमच्या शिवारात."

"कुणाची वं?" सोनाबाईंनी लगेच विचारलं.

"खाणीतली."

हशा पिकला. पण उपळेकर थांबले नाहीत. आवाज इतका हळू, की बायांना घागरी खाली ठेवून जवळ यावं लागलं.

"ही खाण तिच्या ओळखीची आहे. इथंच जन्मली असेल. आता अवघडली, तर पुन्हा इथंच आली. म्हणजे माहेरच की तिचं. माहेरी आई नाहीये. करणारं-सवरणारं कुणी नाही. पण दिवस भरत आले की पोरीला वाटतं हो, आपल्या जागी जावं. निदान तिथं आपल्याला कुणी हाकलणार नाही. एवढ्या भरवशावर आलीय ती. आणि आपण ढोल बडवत जाणार. पोटुशी पोर माहेरी आली तर... तर तिला..."

पुढे त्यांना बोलता येईना. भोंग्यातून शेजारच्या गावाला ऐकू जाणारा हा माणूस, आणि विहिरीच्या काठावर त्याचा आवाज फुटेना. कुणी हसलं नाही.

सोनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "नर्सबाय, किती दिस झालं तिला?"

"अजून ओली बाळंतीण आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग हाका न्हाई," सोनाबाई म्हणाल्या, जसं काही आज दळण नाही म्हणावं तसं. "ओल्या बाळंतिणीवर कुऱ्हाड घिऊन जायाचं? आमी काय माणसातनं उठलो व्हय? बघतेच कोण जातंय ते. भाकरी मागाया माझ्याच दारात येनार हायती."

एक म्हातारी म्हणाली, "पर मालकांनी सबूद दिलाय गावाला."

सोनाबाईंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, "बारसं घालू. घुगऱ्या खाल्ल्या की झालं."

आपल्याकडे ज्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या त्याचे आपण वडीलधारे. मग त्याच्यावर हात कसा उचलायचा? मी इतकी वर्षं गावं फिरले, पण असा तोडगा मला सुचला नसता. उपळेकरांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटलांच्याच ओसरीवर हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या. नावंसुद्धा ठेवली. दगडू आणि धोंडू. जी पोरं जगावीत असं मनापासून वाटतं त्यांची नावं अशीच ठेवतात. पाटील शेतावरून आले, भुकेजलेले, मूठभर घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि चावता चावता विचारलं, "कुणाचं बारसं?"

"खाणीतल्यांचं," सोनाबाई म्हणाल्या.

पाटलांची दाढ हलायची थांबली. त्यांनी बायकोकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सगळी ओसरी टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. थुंकावं तर अपशकून, गिळावं तर हाका गेला. शेवटी त्यांनी गिळलं.

"मीठ कमी हाय," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

हाका बारगळला. करडूही चार दिवसांत सापडलं, धनगराच्या कळपात खुशाल चरत होतं. धनगर स्वतःच आणून सोडून गेला. मी सुटकेचा असा निःश्वास टाकला की सोनाबाईंना हसू आलं.

हे मी पुढचं सांगितलं. त्या बारशाच्या दिवशी निघताना वेगळंच घडलं. सोनाबाई आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आल्या होत्या. सहज म्हणाल्या, "साहेब, तुमास्नी लेक हाय न्हवं? कुटं असती?"

"जुन्नरला. सासरी."

"पोरबाळ?"

उपळेकर सायकलीच्या घंटीशी चाळा करत म्हणाले, "दिवस गेलेत. सातवा सरत आलाय."

"अगं बया! मंग माहेरी आणली न्हाई अजून? आठवा लागला की हलवत्यात का कुनी?"

"व्याही नको म्हणतात." ते हसायचा प्रयत्न करत होते. "घरात बाईमाणूस नाही, बाळंतपण कोण करणार, असं म्हणतात. त्यांचंही बरोबरच आहे. सुमतीचा निरोप आला होता, अण्णा, मला न्यायला या. मी गेलो. व्याह्यांपुढे बसलो. पाणी प्यालो आणि परत आलो. एक शब्द बोलता आला नाही मला."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेक, कळा, पूर्वेची खोली, चुना, बाज! हा बाबा महिनाभर माझ्या दारात येऊन विचारत होता ते तरसाचं नव्हतंच. आणि विहिरीवर आवाज कशानं दाटला होता तेही कळलं. मला असा संताप आला, असा संताप आला, आणि डोळ्यांत पाणी.

"अहो उपळेकर!" मी वेशीवरच ओरडले. "भिंतीपलीकडे सरकारनं नर्स ठेवलीय, ती काय म्हशीपुढची भाषणं ऐकायला? तोंड नाही तुम्हाला? सगळ्या तालुक्याच्या लांडग्या-कोल्ह्यांसाठी गळा काढता, आणि पोटच्या पोरीसाठी एकदा 'बाई, कराल का?' म्हणवत नाही?"

ते खाली मान घालून उभे. "विचारणार होतो बाई. रोज विचारणार होतो. पण ते... मुद्दा काही..."

"पोचला," मी म्हटलं. "आता पोचला. चला."

सोनाबाई म्हणाल्या, "मी बी येती जुन्नरला. बगू कसा न्हाई म्हंतोय व्याही."

आम्ही दोघी खण-नारळ घेऊन उपळेकरांबरोबर एसटीनं गेलो. उपळेकरांना सोनाबाईंनी बजावलं होतं, तुमी बोलू नका. व्याहीबुवांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बाईमाणूस न्हाई म्हंता? ही सरकारी नर्स. ही मी, पठारवाडीची पाटलीण. आमची सगळी वाडी आळीपाळीनं येनार हाय. अजून किती बाया पायजेत?" विहीणबाई पदराआड हसल्या. दारामागे सुमती गाठोडं बांधून उभीच होती.

पुढे विशेष काही नाही, आणि बाळंतपणात विशेष काही नसणं यासारखं सुख नाही. एका दुपारी, पूर्वेच्या त्या चुना दिलेल्या खोलीत, सुतळीच्या बाजेवर सुमती सुखरूप मोकळी झाली. मुलगी. रडली ती अशी, की म्हटलं ही आजोबांचीच नात. सोनाबाई बाहेर चुलीवर पाणी तापवत होत्या. त्या ओरडल्या, "साहेब, आधी तरसाच्या खाल्ल्या, आता तुमच्या घुगऱ्या काढा!"

मी हात पुसत दारात आले. उपळेकर अंगणात उभे होते. सगळ्या आळीला बातमी द्यायची म्हणून त्यांनी भोंगा हातात घेतला होता. तोंडाला लावला, छाती भरून श्वास घेतला, आणि आवाजच निघेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना कळतही नव्हतं. मग त्यांनी भोंगा खाली ठेवला, गोठ्यात गेले, म्हशीच्या गळ्याशी वाकले आणि अगदी हळू, घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "मुलगी झाली गं. दोघी बऱ्या आहेत."

म्हैस बसून होती. रवंथ करत राहिली, उठली नाही.